डाव्या पायाचा घेर

बाळाचा डावा पाय शाबूत राहिला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शेवटी सांगितलं असतं तर त्याला उगाच समारंभाचा वास आला असता. आता हे झालंच नाही असं धरून चालावं. पाय जांघेपासून टाचेपर्यंत तट्ट फुगलेला आहे, रंग पिकत चाललेल्या वांग्यासारखा आहे, आणि त्याचं काय होणार हे कुणालाही ठाऊक नाही. डॉक्टरांना नाही, सिस्टरना नाही, आणि नवजात कक्षाबाहेरच्या बोळात भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, त्या पायाच्या बापाला तर मुळीच नाही.

बाप उद्यान खात्यात पाट्या लिहीत असे. रंगवणारे वेगळे होते. हा फक्त मजकूर लिहीत असे. गवतावर चालू नये. बदकांना पाव घालू नये. कारंज्यात उतरू नये. 'नये' हा त्याच्या पोटापाण्याचा धंदा होता, आणि बरीच वर्षं तो केल्यावर माणसाचं डोकं जसं व्हायचं तसं झालं होतं: काहीही घडलं की आधी त्याची पाटी सुचायची आणि मग, वेळ उरला तर, वाईट वाटायचं. लोक पाट्या पाळत नाहीत हे त्याला माहीत होतं आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. एकच पाटी लोकांनी मनापासून पाळली होती. तळ्याकाठच्या एका बाकाला रंग दिला तेव्हा त्याने लिहिलं होतं, 'या बाकावर बसू नये.' रंग त्याच संध्याकाळी वाळला. पाटी काढायची राहून गेली. त्याला आता इतकी वर्षं झाली होती की त्या बाकावर न बसण्यामागे काहीतरी जुनं आणि गंभीर कारण असलं पाहिजे अशी लोकांची खात्री झाली होती. आयाबाया पोरांना दुरूनच ओढून नेत.

बोळात खुर्च्या होत्या, पण तो उभाच होता. थोड्या वेळापूर्वी रक्ताच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या होत्या. या इथल्या नेहमीच्या डॉक्टर नव्हत्या. नेहमीच्यांचं डोकं चालेनासं झाल्यावर त्यांना बोलावलं होतं. ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या, कानामागे पेन. बाळ वेळेआधी आलं होतं, श्वास नीट घेत नव्हतं, आणि औषधं देण्यासाठी त्याच्या डाव्या जांघेतल्या शिरेत एक नळी घातली होती. त्या नळीभोवती रक्त गोठलं. गुठळी शिरेतून वर सरकत होती. काल दुपारपासून रक्त पातळ करायचं औषध चालू होतं, दोनदा वाढवलं होतं, आणि गुठळी त्याला भीक घालत नव्हती.

"तुमच्या घरात कुणाला तरुणपणी गुठळ्या झाल्यात?" बाईंनी विचारलं होतं. "पायात, फुप्फुसात, डोक्यात? कुठेही."

"नाही."

"आईकडून? वडलांकडून?"

"कुणाकडूनच नाही. आमच्याकडे कुणी आजारी पडत नाही."

"मग मरतात कसे?"

"अचानक," तो म्हणाला होता. हे तो कुठल्याही हेतूने म्हणाला नव्हता. आमच्याकडे कुणी अंथरूण धरत नाही, हे वाक्य त्याने लहानपणापासून इतकं ऐकलं होतं की ते त्याला घराच्या भिंतींसारखं वाटे. भिंतीबद्दल कुणी चौकशी करत नाही. बाईंनी पेन कानामागून काढलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा कानामागे खोचलं. आतून कुणीतरी हाक मारली. "आठवून बघा," त्या जाता जाता म्हणाल्या. "मी आतच आहे. औषध लागू पडत नाहीये आणि का ते मला कळत नाहीये." मला कळत नाही असं म्हणणारा डॉक्टर त्याने पहिल्यांदाच पाहिला. आधी त्याला बाईंबद्दल आदर वाटला आणि मग भीती.

भिंतीत खाली, गुडघ्याच्या जरा खाली, हवा खेळती ठेवायची एक जाळी होती. ती बंद होती. आता कुठेतरी आत यंत्र सुरू झालं आणि जाळीतून वारा सुटला. त्याची पँट फडफडू लागली. म्हणजे पँटचा डावा पाय फडफडू लागला. उजवा स्थिर होता. त्याने खाली पाहिलं. डावा पाय शिडासारखा फुगत होता, मिटत होता, पुन्हा फुगत होता, आणि त्याच्या शेजारी उजवा पाय शोकसभेला उभं राहिल्यासारखा सरळ, गप्प. त्याने जागा बदलली, वारा दोन्ही पायांवर सारखा येईल असा उभा राहिला. तरी डावाच फडफडला. आयुष्यभर तो हीच पँट घालत आला होता, म्हणजे अशाच पँटी, आणि आत्तापर्यंत त्याच्या मनात कधी आलं नव्हतं की जगातल्या इतर लोकांचे दोन्ही पाय एकाच मापाने शिवतात.

घरचा शिंपी ठरलेला होता. त्याच्याकडे कापड टाकलं की तो कंबर घेई, उंची घेई, उजव्या पायाचा घेर घेई आणि मग टेप गळ्यात टाकून म्हणे, झालं. डाव्याला तो आपणहून दोन बोटं सोडायचा. आजोबांपासूनची रीत. घरातल्या पुरुषांचा डावा पाय जाड असे. सगळ्यांचा नाही, पण ज्यांचा नसे त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नसे. 'पाय भरणं' असं म्हणत. मिसरूड फुटतं तसा पंचविशी-तिशीत केव्हातरी पाय भरे. दोन-चार दिवस ठणका, कढत पाण्याचा शेक, आत्याची देखरेख, आणि मग तो पाय उजव्याच्या दीडपट होऊन कायमचा तसाच राही. संध्याकाळी जरा जास्त, सकाळी जरा कमी. घोट्याजवळची कातडी हळूहळू तपकिरी पडे, जुन्या सुटकेसच्या कोपऱ्यांसारखी. ज्याचा पाय भरे त्याला आत्या नव्या पँटचं कापड आणून देई. कारणं प्रत्येकाची वेगळी होती. आजोबा घोड्यावरून पडले होते. ते घोड्यावर बसले होते असं म्हणणारा दुसरा कुणी माणूस मात्र कधी सापडला नाही. चुलत्यांना शाळेतल्या सामन्यात लाथ बसली होती, तीही पाय भरायच्या बारा-पंधरा वर्षं आधी. वडील थंड फरशीवर झोपले होते. तीन माणसं, तीन कारणं, एकच पाय. आणि याचं घरात कुणालाच नवल वाटलं नव्हतं, उलट इतक्या वेगवेगळ्या वाटांनी येऊन शेवटी हाच पाय मिळतो म्हणजे रक्तच तसं दमदार, असा सूर असायचा.

त्याचा भरला नाही. अठराव्या वर्षी पहिली लांब पँट शिवली तेव्हा शिंप्याने डाव्या पायाची सैल शिवण चिमटीत धरून म्हटलं होतं, "आत्ता मोकळं वाटेल. भरेल हळूहळू." पंचविशीत तो रात्री अंघोळीनंतर दोन्ही पिंढऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघे. तिशी उलटली. एका लग्नात चुलतभावाने सगळ्यांसमोर त्याची पँट गुडघ्यापाशी धरून हलवली आणि विचारलं, "तंबू रिकामाच का रे अजून? तू नक्की आमच्यातलाच ना? दवाखान्यात अदलाबदल झाली असेल बघ." सगळे हसले. सगळ्यांत जास्त तोच हसला. घरी आल्यावर त्याने आरशात नाक तपासलं. नाक वडलांचंच होतं, पण नाकाचं काय, नाक कुणाचंही असू शकतं.

आणि मरण. बसल्या बसल्या जाणं ही घराण्याची दुसरी मोठी गोष्ट. आजोबा आरामखुर्चीत गेले. चुलते बसमध्ये, खिडकीजवळच्या सीटवर. कंडक्टरला झोपलेत असं वाटून त्याने त्यांना शेवटच्या थांब्यापर्यंत नेलं आणि परतही आणलं. वडील बुद्धिबळ खेळताना गेले. खेळी त्यांची होती. समोरच्या गृहस्थांनी बराच वेळ वाट पाहिली, कारण वडील विचार करायला वेळ घेत. मग त्यांनी खाकरून पाहिलं. मग, असं त्यांनीच नंतर सांगितलं, वडील डाव टाळताहेत असं वाटून त्यांना थोडा रागही आला. तो डाव कुणी जिंकला हे अजून ठरलेलं नाही. लोक म्हणाले, भाग्यवान, त्रास नाही काही नाही. आत्या म्हणाली, "खुर्ची लाभली नाही." प्रत्येक मरणानंतर खुर्ची घरातून काढून कुणाला तरी देऊन टाकायची, असं चालत आलं होतं. बस देता येण्यासारखी नव्हती, म्हणून चुलत्यांच्या वेळी त्यांची ऑफिसातली खुर्ची आणवून ती दिली. हळूहळू घरात खुर्च्या उरल्याच नाहीत. तो उभ्यानेच अभ्यास करायला शिकला, खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून, आणि पुढे ऑफिसातही उभ्यानेच लिहू लागला. साहेब म्हणत, हा पाटी लिहितो आणि स्वतःच खांबासारखा उभा राहतो.

वारा चालू होता. आता त्याला काल सकाळचं आठवायचं नव्हतं, म्हणून ते आठवलं. काल सकाळी काचेच्या पेटीपाशी तरुण सिस्टर होती, नवी असावी, बाळाच्या अंगावरचं फडकं बाजूला करताना ती थबकली. "हा पाय जरा जाड वाटतो का हो?" तिने विचारलं. तिने डॉक्टरांना विचारायला हवं होतं, पण डॉक्टर दुसऱ्या पेटीपाशी होते आणि बाप समोर होता. त्याने पाहिलं. डावा. एवढासा, जेमतेम त्याच्या मधल्या बोटाएवढ्या लांबीची मांडी, आणि ती उजवीपेक्षा भरलेली. त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. त्याला वगळून पाय पुढे गेला होता, पण गेला होता. म्हणजे त्याच्यामार्गेच गेला असणार. तंबू रिकामा असला तरी वाट त्याच्यातूनच होती. "आमच्यात असाच असतो," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच आपल्या आवाजातला मोठेपणा ऐकू आला. "डावा. घराण्याचा पाय आहे तो." सिस्टर हसली. "अरे वा, मग वडलांवर गेलाय," ती म्हणाली, आणि फडकं पुन्हा नीट घातलं. तो "आजोबांवर," म्हणाला. बाहेर येऊन त्याने आत्याला फोन करून सांगितलं. आत्या फोनवर रडली.

दुपारी मोठे डॉक्टर आले तेव्हा पाय निळा पडला होता. सोनोग्राफी झाली. मग मोठ्या डॉक्टरांनी त्या सिस्टरला बोळात, त्याच्यापासून चार हातांवर उभं करून झापलं: सकाळपासून पाय सुजत होता, तुझे डोळे कुठे होते? सिस्टरने एकदा याच्याकडे पाहिलं. याने भिंतीवरची पाटी वाचायला घेतली. 'शांतता राखावी.' चांगली पाटी होती, मोजकी. त्याने ती पुन्हा पुन्हा वाचली. सिस्टर काही बोलली नाही, आणि तोही शांतता राखून होता.

तेव्हा आता प्रश्न असा होता: आत जाऊन पँटबद्दल सांगायचं तर कालची सकाळही सांगावी लागणार. पँट सांगायची आणि सकाळ गाळायची असं करता येईल का, हे त्याने थोडा वेळ तपासून पाहिलं, मजकूर कमी करताना शब्द तपासतात तसं. जमत नव्हतं. घराण्याचा पाय म्हटलं की बाई विचारणार, मग बाळाचा सुजलेला पाय पाहून तुम्हाला काहीच वाटलं नाही? आणि कदाचित या सगळ्याचा काही संबंधच नसेल. घोडा, लाथ, फरशी. एवढ्या मोठ्या डॉक्टरांसमोर जाऊन माझ्या पँटचा एक पाय सैल आहे असं सांगणारा माणूस त्याने स्वतः ऑफिसच्या खिडकीपलीकडून पाहिला असता तर रखवालदाराला बोलावलं असतं. त्याने फोन काढला.

"आत्या, बाबांचा पाय भरला तेव्हा डॉक्टरांना दाखवला होता?"

"डॉक्टरला कशाला? भरला म्हणजे भरला. बाळ कसंय?"

"तसंच आहे. गुठळी झालीय त्याच्या पायात. रक्ताची."

"गुठळ्या-बिठळ्या आपल्यात नाहीत हं. त्यांना सांग. नळ्या खुपसतात आणि मग आपलं नाव."

"काका बसमध्ये गेले तेव्हा त्यांचं वय काय होतं?"

"चाळिशीही नव्हती रे. हे काय आत्ता?"

"आदल्या दिवशी पाय दुखत होता का त्यांचा?"

 पलीकडे भांड्यात चमचा फिरत होता, तो थांबला. "पाय तर दुखायचाच," ती म्हणाली. "दम लागतो म्हणत होता. जिना चढून आल्यावर. आम्ही म्हटलं, वजन कमी कर." चमचा पुन्हा फिरू लागला. "दादालाही लागायचा, तुझ्या बाबांना," ती म्हणाली. मग एकदम नेहमीच्या आवाजात, "पण खुर्च्या खरंच वाईट होत्या त्या."

त्याने दार लोटलं. आत रक्तवाल्या बाई पेटीशी वाकल्या होत्या आणि ती तरुण सिस्टर औषधाच्या पंपाचे आकडे बघत होती. त्याला वाटलं होतं आपण एखादं नीट वाक्य बोलू. तो म्हणाला, "माझ्या पँटचा डावा पाय मोठा आहे."

बाईंनी मान वळवून पँटकडे पाहिलं. सिस्टरनेही पाहिलं.

"म्हणजे मुद्दाम शिवतात," तो म्हणाला. "आमच्याकडे सगळ्यांच्या. डावा पाय सुजतो. पंचविशी-तिशीत. मग उतरत नाही. आणि मग बसल्या बसल्या जातात. मी मघाशी नाही म्हणालो, कारण त्याला कुणी गुठळी म्हणत नव्हतं." मग त्याने सिस्टरकडे न बघता, पंपाकडे बघत पुढचं म्हटलं. "आणि काल सकाळी यांना पाय जाड दिसला होता. यांनी मला विचारलं. मीच सांगितलं आमच्यात असाच असतो. यांची चूक नव्हती."

सिस्टर पंपाचे आकडे आणखी बारकाईने बघू लागली. बाई सरळ उभ्या राहिल्या.

"ते मोठ्या डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगा," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर. पण नंतर. आत्ता पाय पुढे करा."

बाळांच्या डोक्याचा घेर मोजायची कागदी पट्टी असते. ती त्यांनी खिशातून काढली आणि खाली बसून त्याच्या पँटच्या दोन्ही पायांचा घेर मोजला. पट्टी पुरेना, तर दोन जोडल्या. मग पँट वर करायला लावून पिंढऱ्या मोजल्या. पलीकडच्या पेटीशी बसलेली कुणाची तरी आई हे बघत होती आणि आपली पाळी कधी येणार असा तिचा चेहरा होता.

"तुमचे पाय सारखे आहेत."

"हो. माझा भरला नाही." हे म्हणताना अजूनही त्याला थोडी लाज वाटली.

"भरला नाही म्हणजे तुमच्या रक्तात नाही असं नव्हे. पुष्कळांना काही होत नाही. बसून काम करता?"

"उभ्याने. आमच्या घरात खुर्च्या नाहीत." मग का नाहीत तेही सांगावं लागलं.

बाई थोडा वेळ पट्टी बोटाला गुंडाळत राहिल्या. "सवय चांगली आहे," त्या म्हणाल्या. "कारण साफ चूक आहे, पण सवय चांगली आहे." मग त्यांनी जे समजावलं ते असं. रक्त गोठणं ही गरजेची गोष्ट आहे, पण ते कुठेतरी थांबलंही पाहिजे, आणि थांबवायला रक्तातच एक प्रथिन असतं, अँटिथ्रॉम्बिन. काही घराण्यांत ते जन्मतः कमी असतं. आपण देतोय ते औषध स्वतः काही करत नाही. ते त्या प्रथिनालाच कामाला जुंपतं. प्रथिनच नसेल तर औषध कितीही वाढवा, ते जुंपणार कुणाला?

"म्हणजे पाटी आहे आणि रखवालदार नाही," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. कळलं."

"तान्ह्या बाळांत ते तसंही कमीच असतं, त्यामुळे बाळाचं तपासून नक्की कळत नाही. म्हणून आईबापांचं बघायचं. तुमचं आधी." सिस्टरनेच त्याच्या दंडाला पट्टा बांधला. सुई तिने एका फटक्यात आणि अतिशय हळुवार घातली, आणि त्याला वाटलं, जरा दुखवायला हरकत नव्हती. नळीत रक्त चढत होतं. गडद, नेहमीसारखं. घरातल्या सगळ्यांनी ज्याचा अभिमान बाळगला ते हेच, आणि बघायला गेलं तर कुणाचंही वाटलं असतं.

बायकोला सांगायला तो वरच्या मजल्यावर गेला. ती शाळेत गणित शिकवायची. पलंगावर उशीला टेकून ती छताचे चौकोन मोजून त्यांचं काहीतरी गणित मांडत होती. त्याने सगळं सांगितलं. सकाळही सांगितली. ती ऐकत राहिली. रागावली की ती पुस्तकासारखं बोलायची.

"वंशपरंपरागत असेल तर एकेका मुलाला मिळायची शक्यता निम्मी," ती म्हणाली. "नाणं उडवल्यासारखं."

"हो, बाई तेच म्हणाल्या."

"आणि तू इतकी वर्षं, आपण छापा नाही म्हणून रडत होतास."

"रडत नव्हतो."

"तू अंघोळीनंतर पिंढऱ्या बघायचास. मला वाटायचं तुला पिंढऱ्यांचं काहीतरी वेड आहे. लग्न झाल्यावर असं काय काय कळतं म्हणून मी गप्प बसले." ती थोडं हसली आणि टाक्यांमुळे लगेच थांबली. "तुझ्या घरून त्याला अजून एक झबलंही आलं नव्हतं. पहिलीच वस्तू आली ती ही." मग ती भिंतीकडे वळली. "तू 'आमच्यात असाच असतो' म्हणालास. तो माझ्यातलाही आहे, हे तुला त्या वेळी आठवलं नाही."  तो पलंगाच्या कडेशी उभा राहिला. तिने न बघता हात मागे केला, त्याच्या पँटची डावी सैल शिवण मुठीत धरली आणि तशीच धरून ठेवली, रागाने की कशाने ते त्याला ठरवता येईना.

त्याचा निकाल निम्मा आला. निम्मा म्हणजे असायला हवं त्याच्या अर्धं प्रथिन. बाई म्हणाल्या, आहे तुमच्यात, स्पष्ट आहे. आणि नेमक्या त्या क्षणी, बाळाचा पाय वांग्याच्या रंगाचा असताना, त्याच्या मनात अगदी स्वच्छपणे आलं: म्हणजे अदलाबदल झाली नव्हती. चुलतभावाला सांगायला हवं. एवढं येऊन गेलं, आणि मग पाटी सुचायची वाट बघत तो उभा राहिला, पण पाटी सुचली नाही. शाईची बाटली रिकामी निघावी तसं झालं. पेटीत बाळाने उजवा पाय झाडला. डावा झाडला नाही. बाईंनी ते कमी असलेलं प्रथिन बाहेरून मागवलं होतं. एवढीशी बाटली, बर्फाच्या डब्यातून आली. रखवालदार आणून बसवला गेला. पंपाचा आकडा बदलला. आता बघायचं, बाई म्हणाल्या. बोळात मोठे डॉक्टर आल्यावर त्याने त्यांना सांगायचं ते सांगितलं. ते सिस्टरकडे वळून "हं" म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने ती माफी होती. सिस्टरने त्याला चहा आणून दिला, तोही त्याच्या दृष्टीने जरा जास्तच गोड होता.

मग तो पेटीपाशी उभा राहिला आणि पायाकडे बघू लागला. पायाकडे बघून पाय बदलत नाही. करंगळीच्या नखाएवढा अंगठा, जांभळा. त्याने नजर दुसरीकडे नेली, परत आणली, अंगठा तसाच. वडलांचा पाय त्याने इतका वेळ कधीच पाहिला नव्हता. पाहायचा तर अभिमानाने, लांबून, डोंगर बघतात तसा. वडील रात्री भिंतीला पाय लावून झोपत, उंच, आणि म्हणत, बरं वाटतं असं. बरं वाटतं म्हणजे आधी बरं नसे. हे एवढं सोपं वाक्य उलटं करून बघायला त्याला इतकी वर्षं लागली होती. पुढे अंगठ्याचा रंग आधी किंचित, मग खरोखरच बदलत गेला, सूज टाचेकडून वर ओसरत गेली, पण ते झालंच नाही असं आपलं आधी ठरलेलं आहे, म्हणून ते सोडून द्यावं. सांगायचं ते एवढंच की त्यानंतर आत्या आली.

आत्याने हात धुतले, टोपी घातली, आणि पेटीत वाकून बराच वेळ पाहिलं. बायको चाकाच्या खुर्चीतून खाली आली होती. त्या खुर्चीकडे आत्याने एकदा संशयाने पाहून घेतलं होतं.

"किती बारीक झाला रे पाय," आत्या म्हणाली. "फोनवर म्हणालास तेव्हा अगदी डोळ्यांसमोर आला होता. दादासारखा."

"बारीकच हवाय आत्या."

"हो, हो. हवाच आहे. मी कुठे काय म्हणते?" तिने डोळे पुसले. "ती बाई माझंही रक्त मागते. मी म्हटलं, माझं कशाला? मी कुठे पँट घालते? तर म्हणे बायकांतही असतं. विचारत होती, तुमची मुलं किती." आत्याला मुलं नव्हती. दोन पोटातच गेली होती, लागोपाठ, याच्या जन्माआधी. त्या वेळी घरातून एकही खुर्ची दिली गेली नव्हती. "मी म्हटलं नाहीत. तर ती म्हणे, दिवस राहिलेच नाहीत, की राहून मूल गेलं? असं कुणी विचारलंच नव्हतं मला." तिने पिशवी उघडली. आत शिंप्याकडचं पुडकं होतं. "विसरतच होते. तुझा पहिला फोन आला तेव्हाच टाकलं होतं शिवायला."

एवढीशी विजार होती, तळहातावर मावेल एवढी, मऊ पांढऱ्या कापडाची. दुमड नीट, काजं नीट. डावा पाय दोन बोटं सैल. बायकोने ती हातात घेतली, दोन्ही पायांत एकेक बोट घालून पाहिलं, आणि याच्याकडे दिली. "आत्ता मोकळं वाटेल," आत्या म्हणाली, आणि मग आपण काय बोललो हे ऐकून ती पुढचं बोलली नाही. बाळाने झोपेत तोंड वाकडं केलं, जसं वडील चुकीची खेळी खेळल्यावर करत. "बघ," आत्या अगदी हळू म्हणाली, कुणाची तरी परवानगी मागितल्यासारखी, "आपल्यावरच गेलाय." कुणी तिला अडवलं नाही. त्याने विजार खिशात ठेवली. आणि मग, इतक्या वेळाने, त्याला मजकूर सुचला. पाटीएवढा आटोपशीर नव्हता, पण अर्जाच्या नमुन्यात बसत होता, आणि पेटीच्या काचेत दिसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत त्याने तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मनात सावकाश लिहून काढला.

प्रति, माननीय प्रमुख, वंशपरंपरा विभाग. विषय: डावा पाय, एक, वगळणेबाबत. महोदय, उपरोक्त पाय सध्या काचेच्या पेटीत असून तो पुढे चालणार असल्याने घराण्याच्या जंगम मालमत्तेत धरला गेला आहे. त्याबद्दल घराण्याचा कोणताही घोडा, लाथ अथवा फरशी जबाबदार नसल्याचे आता निदर्शनास आले आहे. खुर्च्या निर्दोष असून त्या शक्य तेथून परत मागवण्यात याव्यात. नाक, कपाळ आणि झोपेत तोंड वाकडे करण्याची पद्धत अर्जदारास मान्य आहे. ती आमच्यावर गेली तरी चालेल. पाय मात्र आईवर गेल्याची नोंद व्हावी, रक्त कोणावरही न गेल्याची नोंद व्हावी, शिंप्यास तसे कळवण्यात यावे, आणि सदर बालकास दोन्ही बाजूंनी सारख्या घेराची एक विजार मागील तारखेपासून, म्हणजे आजोबांपासून, मंजूर करण्यात यावी, ही विनंती.